कन्हानपुढे धापा टाकणारी गाडी

बाबा गेल्यावर त्यांची डिझेल गाडी विकायची, असं घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. आईनं ऐकलं नाही. पन्नाशी उलटल्यावर ती गाडी शिकली आणि आमच्या नंदनवन वस्तीच्या गल्ल्यांतून सराईतपणे बाहेर काढायला लागली. दर रविवारी पारशिवनीजवळच्या आमच्या शेतावर जायची. येताना मागच्या सीटवर मिरच्यांचं पोतं असायचं. त्या गाडीचा वास मला अजून आठवतो, डिझेल आणि हिरवी मिरची.

मग गाडी आजारी पडली. मध्येच इंजिनचा दिवा लागायचा, काळा धूर निघायचा, ॲक्सिलरेटर दाबला तरी जोर यायचा नाही. गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावला. जळलेल्या वायूचा थोडा भाग पुन्हा इंजिनात सोडणारा एक व्हॉल्व्ह असतो, ईजीआर म्हणतात त्याला. तो किती उघडला हे सांगणारा सेन्सर बिघडल्याचा कोड आला होता. त्यानं कोड पुसला. पुढच्या रविवारी दिवा परत लागला. तेव्हा तो म्हणाला, पत्रा लावून व्हॉल्व्हच बंद करून टाकू, सगळे तसंच करतात.

आई तयार होईना.

"धूर कमी व्हावा म्हणूनच लावला असन ना तो? बंद काहून कराचा?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू बुटीबोरीले दिवसभर हेच तं करतं ना गा? पाह्य ना एकदा."

मी तिथल्या कापडाच्या कारखान्यात मशीनवरचे सेन्सर तपासतो. घरच्या गाडीला मात्र कधी हात लावला नव्हता.

सुट्टीच्या दिवशी फाटकासमोरच बॉनेट उघडलं. व्हॉल्व्ह हवा ओढली की उघडणारा होता, आणि हवा ओढायचा पंप काही माझ्याकडे नव्हता. आईनं आतून वासराला औषध पाजायची मोठी सिरिंज आणली. व्हॉल्व्हच्या रबरी नळीत ती घट्ट बसली. आई दट्ट्या ओढायची, मी मीटर पाहायचो. सेन्सरला वीज बरोबर येत होती. व्हॉल्व्ह उघडेल तसा आकडा सावकाश चढत होता, बंद होताना तसाच उतरत होता. वायरी हलवून पाहिल्या, प्लग साफ केला. कुठेच दोष नाही.

"सेन्सर तं चांगला दिसून राहिला," मी वैतागून म्हणालो.

"मंग दिवा काय उगाच लागते?"

"नेमका कुठी लागते, आई?"

"कन्हानचा पूल वलांडला का. कामठीपावतर मस्त जाते."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, आम्ही थंड इंजिनावर तपासत होतो. तशीच हत्यारं मागच्या सीटवर टाकून निघालो. पूल ओलांडल्यावर दिवा लागला. आईनं गाडी कडुनिंबाखाली घेतली आणि इंजिन बंद केलं. इंजिन सुरू न करता मी नुसती चावी फिरवून मीटर जोडला. तिनं हाताला टॉवेल गुंडाळला, नळी बसवली, दट्ट्या ओढला. व्हॉल्व्हचा दांडा नीट सरकताना दिसत होता. पण आकडा अर्ध्यावर चढला आणि एकदम शून्यावर पडला.

"पडला! आई, पडला!"

"सोडू का?"

"सोड. आता परत ओढ."

पुन्हा तिथेच पडला. वीज तशीच येत होती. म्हणजे सेन्सरच, आणि तोही फक्त तापल्यावर दगा देणारा. एक ट्रकवाला थांबून विचारायला लागला, "क्या हुआ माताजी?" कपाळावर काळा डाग लागलेली आई ऐटीत म्हणाली, "कुछ नहीं, मिल गया."

आता तिचे गुडघे क्लच दाबू देत नाहीत. गाडी गावातल्या एका नातेवाइकाकडे गेली, तिनंच दिली. कारखान्यात एखादा सेन्सर थंड असताना नीट चालला की मी तो गरम करून पुन्हा तपासतो.

पण तेव्हा, नवा सेन्सर बसवल्यानंतरच्या रविवारी, मी तिच्या शेजारी बसलो होतो. कन्हान मागे पडलं, दिवा लागला नाही. मी काही बोलायला गेलो तर म्हणाली, "चूप राह्य, ऐकू दे मले." काच खाली केली, पदर कमरेला खोचला आणि गाडी अशी काही सोडली की शेताचं वळण आलं आणि गेलं.

"आई, वळण गेलं."

"जाऊ दे ना," ती म्हणाली, "थोडं समोरून फिरून येऊ."