दिंडोशीतल्या दोन सुट्ट्या

कणकवलीहून बसमध्ये पाय आखडून आलो आणि सकाळी गोरेगावला हायवेवर उतरलो. समोर नॅशनल पार्कचे डोंगर आणि त्यांच्या पुढ्यात दाटीवाटीने उभे टॉवर. मुंबई बघायची मुळीच हौस नव्हती. भावाने धाडलं होतं, सायलीला माहेरी घेऊन ये म्हणून. माझ्या या पुतणीचं नवऱ्याशी आता पटत नाही, असं तिनेच फोनवर सांगितलं होतं.

"दिंडोशी? कोर्टात काय, काका?" रिक्षावाल्याने विचारलं.

"तशी पाळी येऊ नये म्हणूनच चाललोय." त्याने मीटर टाकला.

सायली घरी होती. ती अंधेरीच्या एका हॉस्पिटलात नर्स. तीन दिवस ड्युटी, चौथ्या दिवशी सुट्टी. तिचा नवरा निखिल विक्रोळीच्या कारखान्यात, त्याला दर सहाव्या दिवशी सुट्टी. रविवारशी दोघांचाही संबंध नाही. संध्याकाळी तो आल्यावर जेवायला बसलो. बांगड्याचं तिखलं (तिरफळं घातलेलं कालवण) झकास होतं. पण दाराशी तिची भरलेली बॅग होती आणि दोघंही माझ्याशीच बोलत होती.

"हा सुट्टीला मित्रांकडे जातो, काका."

"मग घरात एकटा काय करू? तू असतेस का?"

माझ्यातला निवृत्त गणितमास्तर जागा झाला. "अरे, चार आणि सहाचा लसावि बारा. दर बारा दिवसांनी एक अख्खा दिवस दोघांचा!"

"पाच महिन्यांत एकदाही नाही," सायली म्हणाली. "माका आता जमाचा नाय, काका."

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. आज तिची सुट्टी, उद्या त्याची. पुढच्या खुणा करत गेलो, पण दोघांची खूण एका चौकोनात येईना. पुस्तकातल्या उदाहरणात दोघांची सुरुवात एकाच दिवशी होते. इथे मध्ये एका दिवसाचं अंतर होतं; आजपासून मोजलं तर एकाची सुट्टी कायम सम दिवशी, दुसऱ्याची विषम. अशाने या सुट्ट्या जन्मात भेटल्या नसत्या.

"कुणीतरी एकाने सुट्टी एक दिवस पुढे सरकवा. निखिलची पुढे, मग तिची मागे असं नको. एकानेच."

"मीच का?" निखिल म्हणाला. सायली ताट उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी निघताना तिने बॅग उचलली नाही. "तुम्ही पुढे व्हा, काका. बघते थोडे दिवस." माझ्या जिवाला काही चैन पडली नाही. सबंध वाटेत, भावाला काय सांगू, हाच विचार.

आठवड्याने फोन आला. "काका, वाट लागली! मी गुपचूप सुपरवायझरला सांगून सुट्टी एक दिवस पुढे नेली. यानेही नेली!"

म्हणजे अंतर होतं तेवढंच. इतकी वर्षं गणित शिकवलं, पण चुकलेल्या उत्तराचा आनंद होण्याची ही पहिलीच वेळ.

"मी मागे घेते," सायली हसत म्हणाली.

"नको गं, मी घेतो ना," मागून निखिलचा आवाज.

"एकानेच!" मी ओरडलो. "दुसऱ्याने गप घरात बसा!"