दाजींनी कंपनीला घातलेलं गाऱ्हाणं

नाव : श्री. दाजी गोविंद केळुसकर. वय : सदुसष्ट. राहणार : तारकर्ली, तालुका मालवण. व्यवसाय : एसटीचे निवृत्त वाहक. ओळखीची खूण : उजव्या कानामागे पेन. कार्य : व्हिडिओ गेमची यंत्रे बनवणाऱ्या परदेशी कंपनीस तिच्या पर्यावरणविषयक कर्तव्याची जाणीव करून देणे. सदर कार्य त्यांनी कोणत्याही वैयक्तिक हेतूविना केले असल्याचे प्रमाणित करण्यात येते.

हा मजकूर ग्रामपंचायतीने जिल्हा पुरस्कारासाठी पाठवलेल्या शिफारशीतला. त्यातलं वय बरोबर आहे.

दाजींच्या शेजारी फेलिक्स लोबो राहतो. निवृत्त ड्रॉइंग मास्तर. त्याचा मुलगा नेव्हिल जहाजावर असतो. गेल्या सुट्टीत आला तेव्हा गेमचं यंत्र बापाच्या टीव्हीला जोडून देऊन गेला. तेव्हापासून रोज दुपारी चारचा चहा झाला की दाजी आणि फेलिक्स पडद्यावरचं क्रिकेट खेळायला बसत. पुढे पाच सामन्यांची मालिका ठरली. अट एकच : हरेल त्याने तिठ्यावर, चार माणसांदेखत, दुसऱ्याला म्हणायचं, "तू माझ्यापेक्षा बरो खेळतस."

चार सामने झाले. दोन याचे, दोन त्याचे. दाजींना जेवण जाईनासं झालं. चौतीस वर्षं त्यांनी मालवण ते सावंतवाडी गाडीत लोकांना पुढे सरकवलं होतं. स्वतः मागे सरकायची त्यांना सवय नव्हती.

पाचव्या सामन्यात दाजींचा फलंदाज भलत्याच वेळी धावत सुटला आणि बाद झाला.

"मी पळवलंयच नाय," दाजी म्हणाले. हातातल्या रिमोटवर अंगठ्याने फिरवायची एक छोटी दांडी असते, ती त्यांनी वर धरून दाखवली. "ही आपसूक पळता."

"दांडी बरी आसा. तुझो आंगठो पळता."

"मेल्या, चित्रा काढून जल्म गेलो तुझो. तुका यंत्राचा काय कळता?"

सामना तिथेच अडला. कंपनीला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी नम्रपणे सांगितलं की रिमोट उघडत नाही, दांडी सुटी मिळत नाही, नवीन रिमोट घ्यावा आणि जुना टाकून द्यावा. फेलिक्स लगेच नवीन मागवायला निघाला. नवीन आला की सामना पुन्हा सुरू होणार, हे दाजींच्या लक्षात आलं.

"थांब रे," ते म्हणाले. "जुनो टाकूचो खंय, ता आधी ठरव."

प्रश्न साधा होता, पण त्याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. घंटागाडीवाला म्हणाला, बॅटरीचं काही घेत नाही. कंपनी म्हणाली, जवळचं संकलन केंद्र मुंबईत आहे. फेलिक्स कंटाळला. ओहोटी बघून त्याने रिमोट तीन पिशव्यांत बांधला आणि कर्लीच्या खाडीत सोडून आला. गाठी पक्क्या मारल्या होत्या. दगड घालायचा तेवढा राहिला. दुसऱ्या दिवशी मासेमारी करणाऱ्या गंगारामच्या जाळ्यात बांगड्यांबरोबर तो वर आला. गावात तसली वस्तू एकच, त्यामुळे गंगारामने विचारपूस वगैरे केली नाही.

"मास्तरानू, तुमचो ह्यो," म्हणून कोरडा ठणठणीत रिमोट फेलिक्सच्या पायरीवर ठेवला आणि निघून गेला.

"बघ," दाजी म्हणाले. "दर्यो घेणा नाय, पंचायत घेणा नाय, कंपनी घेणा नाय. मगे ह्येचो धनी कोण?"

इथून पुढे ज्याला पंचायतीने कार्य म्हटलं आहे ते सुरू झालं. दाजींनी दारावर पाटी लावली : 'बंद पडलेले गेम येथे स्वीकारले जातात. कंपनीच्या वतीने.' किनाऱ्यावरच्या लॉजवाल्यांनी अकरा रिमोट आणि तीन यंत्रं आणून दिली. एकाने मिक्सर आणला. दाजींची बायको हौसाबाई हे सगळं मुकाट्याने पाहत होती. पण तिची कोंबडी एका यंत्राच्या खोक्यात अंड्यावर बसली तेव्हा तिने तोंड उघडलं.

"पडवीत माका पाय ठेवक जागा नाय. ह्या कंपनीचा आणि तुमचा नाता काय?"

"जबाबदारीचा," दाजी म्हणाले.

त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. वाहकाला तक्रार कशी लिहितात ते पाठ असतं, कारण जन्मभर ती त्याच्याविरुद्धच लिहिली जाते. पत्र सात ओळींचं होतं आणि खाली 'प्रत माहितीसाठी' म्हणून नऊ नावं होती : जिल्हाधिकारी, बंदर खातं, कासवांसाठी वन खातं, पाद्री, देवस्थान कमिटी वगैरे. पत्र कंपनीत कोणी वाचलं की नाही कळत नाही. ती नऊ नावं मात्र वाचली. कंपनीच्या बंगळूरमधल्या, पर्यावरणाचं बघणाऱ्या शाश्वतता विभागाने व्हिडिओ कॉलची वेळ दिली.

फेलिक्सच्या टीव्हीसमोर निम्मी वाडी जमली. पडद्यावर सारिका नावाची तरुण अधिकारी आली. तिने शुद्ध मराठीत सांगितलं की हा कॉल नोंदवला जात आहे, आपली तक्रार मांडावी.

दाजी उभे राहिले. जिचं तोंड कधी दिसत नाही आणि जी ऐकते की नाही ते कळत नाही, अशा शक्तीपुढे तक्रार मांडायची त्यांना एकच रीत ठाऊक होती. देवळात वर्षातून दोनदा सगळ्या गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचाच. त्यांनी हात जोडले.

"बा कंपनी म्हाराजा, तू खंय रवतस ता आमका ठावक नाय, पण तुझी वस्तू आमच्या पडवीत आसा."

"व्हय म्हाराजा," वाडी म्हणाली. फेलिक्सचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"ती तूच केलंस, तूच चिकटवलंस, उघडूक वाट म्हणून ठेवलंस नाय."

"व्हय म्हाराजा."

"तर जा काय बंद पडला आसात ता तुझा तू परत घेवन जा. मोडलेल्याची दांडी धाडून दी. आणि गंगारामाच्या जाळ्यात बांगडोच येवंदे, रिमोट नको, असा कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

या वेळी एक आवाज जास्तीचा होता. तो टीव्हीतून आला. सगळे पडद्याकडे बघू लागले. सारिकाने तोंडावर हात ठेवला होता.

"बाय," दाजींनी हात खाली घेत विचारलं, "तू खंयची गो?"

"वैभववाडीची," ती म्हणाली. लहानपणापासून दर वर्षी देवळातल्या गर्दीत उभं राहून जे म्हटलं, ते तोंडातून आपोआप सुटलं होतं. "म्हणजे, मी आपली मागणी वरिष्ठांकडे पाठवते."

"पाठव. पण तुमचो होकार नोंदवलेलो आसा."

कंपनीच्या वकिलांनी ती नोंद दोन आठवडे ऐकली. कोणत्या भाषेत, कोणाला, किती वेळा होकार दिला आहे यावर त्यांचं एकमत झालं नाही. शेवटी वाद नको म्हणून एक गाडी आली, पडवीतलं सगळं घेऊन गेली, मिक्सरसकट. कोंबडीचं खोकं तेवढं हौसाबाईने दिलं नाही. तिठ्यावर हिरवी संकलन पेटी बसली. आणि दाजींच्या नावाने एक पाकीट आलं. त्यात नवी दांडी होती, आणि रिमोट उघडायचा बारीक स्क्रूड्रायव्हर.

दाजींनी पाकीट उलटं करून आणखी काही आहे का ते पाहिलं.

"आता?" फेलिक्स म्हणाला.

"आता काय, खेळूया."

फेलिक्सकडेच राहिलेल्या जुन्या रिमोटात दांडी दाजींनी स्वतः बसवली. फेलिक्सला हात लावू दिला नाही. सामना पुन्हा पहिल्यापासून धरला. पुरस्काराची शिफारस त्याच सकाळी टपालात पडली होती.

दाजी पहिल्याच चेंडूवर धावबाद झाले.