छतवाले सर

सर वर्गात आले की आधी छताकडे बघायचे, मग आमच्याकडे. चारही कोपरे न्याहाळून झाल्याशिवाय हजेरी नाही. आम्ही इंजिनिअरिंगची कार्टी, त्यांना ‘छतवाले सर’ म्हणायचो. मागच्या बाकावरून कुणीतरी बारीक आवाजात ओरडायचं, "छत हजर आहे, सर!" सरांना ऐकू जायचं. ते हसायचे नाहीत, रागवायचेही नाहीत.

तेव्हाच्या औरंगाबादेत, आमच्या कॉलेजात, ‘व्यावसायिक नीती’ नावाचा तास असायचा. शनिवारचा शेवटचा, म्हणजे निम्म्या पोरांचं लक्ष गावाकडच्या एसटीकडे. बाकीचे शिक्षक चार मुद्दे लिहून द्यायचे आणि सुटायचे. सर मात्र प्रयोगशाळेत न्यायचे. काँक्रीटचे ठोकळे अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे, मग मशिनखाली फोडायचे आणि किती भाराला फुटले ते लिहायचं, एवढाच प्रयोग. आम्ही कशाला फोडतोय! वरच्या वर्गाच्या वहीतले आकडे थोडे इकडचे तिकडे करून उतरवायचो. सर वह्या चाळत म्हणायचे, "वा! सगळ्यांचे ठोकळे सख्खे भाऊ दिसतात."

सिल्लोडच्या एका पोराचा ठोकळा निम्म्या भारालाच फुटला. बिचारा रडकुंडीला आला. "सर, आता काय लिहू? मी तर नापास व्हतो."

"ठोकळा नापास झाला, तू कशाला होतोस? फुटला तर फुटला म्हणून लिही. इमानानं लिही."

त्याला पैकीच्या पैकी मिळाले. आम्हा हुशारांची तोंडं बघण्यासारखी झाली होती.

पण मी कुठली शिकते! नोकरी लागली ती बिडकीनकडे शाळा बांधणाऱ्या एका ठेकेदाराकडे. तिथली रीतच अशी, की स्लॅबात एक माल आणि तपासणीच्या ठोकळ्यांत दुसरा, जास्त सिमेंटचा. ठोकळे झकास पास व्हायचे. अहवालावर सही माझी. एका शाळेचे टेकू काढायच्या आदल्या दिवशी मी स्लॅबखाली उभी होते आणि नजर आपसूक वर गेली. तडक सरांचं घर गाठलं.

सर निवृत्त झाले होते, दम्यानं पार खंगले होते. मी त्या स्लॅबचं सगळं सांगून टाकलं.

"कॉलेजात यायच्या आधी मीही साइटवर होतो," सर म्हणाले. "असेच ठोकळे, अशीच सही. दवाखान्याचा सज्जा होता, टेकू काढले आणि कोसळला. खाली गौराबाई भाकर खात बसली होती, कामावरचीच." दम लागला म्हणून थांबले. "चौकशी झाली. ठोकळे पास होते ना! मी निर्दोष सुटलो, बेटा. तेच झोपू देत नाही."

"मी काय करू, सर?"

"टेकू निघायच्या आत सही मागं घे. मला जमलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच लेखी दिलं. "मॅडम, डोकं फिरलं का?" ठेकेदार ओरडला. स्लॅब पाडला, माझी नोकरी गेली. सरांना सांगायला गेले तर माझे दोन्ही हात धरून रडले. "गौराबाईला सांगतो," म्हणाले. त्याच वर्षी सर गेले.

त्या दिवशी त्यांना एक सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, मी सांगितलंच नाही. त्याआधीच्या दोन शाळांच्या अहवालांवरही माझीच सही आहे. त्यांना इतकं सुखावलेलं बघून जीभच उचलली नाही, आणि पुन्हा लेखी द्यायचा धीर आजवर झालेला नाही. एकदा झाला तेवढाच. दोन्ही शाळा रोज भरतात. पैठण रोडनं जाताना मी गाडी थांबवते. घंटा होते, पोरं आरडाओरडा करत बाहेर सुटतात. शेवटचं पोर फाटकाबाहेर पडेपर्यंत मी तिथंच उभी असते.