बाळाला पोचवायला गेले तेव्हा

आश्रमात कुणी मूल दत्तक घ्यायला आलं, की आम्ही मोठ्या मुली मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसायचो. तसं आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. पण पुढच्या खोलीत पाळण्यातली, रांगणारी मुलं दाखवत; तिथे चौदा वर्षांच्या मुलीनं जाऊन काय करायचं? तापाच्या साथीत आईवडील गेले आणि लहानपणीच मी साताऱ्याच्या त्या आश्रमात आले. मला न्यायला कुणी येईल असं वाटणं कधी बंद झालं, ते आठवत नाही.

आश्रम चालवणाऱ्या बाई मात्र आमच्यासारख्यांसाठीही घर शोधत हिंडत. एकदा त्या मला कोरेगावला एका घरी घेऊन गेल्या. तिथल्या मालकीणबाईंनी माझे तळहात उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, "किती माणसांच्या भाकऱ्या थापते ही?"

बाई चहा तसाच ठेवून उठल्या. "मी लेक द्यायला आले होते, मोलकरीण नाही."

परतीच्या मोटारीत त्या बाहेर बघत बसल्या होत्या. मोलकरीण म्हणूनही मी तिथे राहिले असते, हे त्यांना सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर सांगलीजवळच्या एका गावातले, फौजेतून परतलेले हवालदार नि त्यांची बायको आश्रमात आली. पोटी मूल नव्हतं, उसाची शेती होती. त्यांनी पसंत केलेलं बाळ माझ्याच कडेवर वाढलेलं, नुकतं चालू लागलेलं. हवालदारांच्या बायकोनं त्याला उचललं, तसं ते रडून रडून काळंनिळं झालं.

"आवं बाई, ही पोरगी येऊ द्या की संगं," ती काकुळतीनं म्हणाली. "धाकला रुळला की धाडू माघारी."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं.

अशी मी बाळाला पोचवायला गेले. त्या घरात माझं काम एकच: बाळाला माझी गरज उरू नये असं करायचं. दूध तो वाटीनं पितो, कानाची पाळी चोळली की झोपतो, हे सगळं मी हवालदारांच्या बायकोला शिकवलं; त्यांना मी काकी म्हणायची. त्या मन लावून शिकल्या. रोज थोडा थोडा तो त्यांच्याकडे सरकत गेला. हे चांगलंच होतं. मी तेच करायला आले होते.

एके दुपारी तो अंगणात पडला. मी हात पसरून धावले. तो उठला, माझ्या बाजूनं रडत पुढे गेला आणि काकींच्या लुगड्याला बिलगला. काकींनी त्याला उचललं, पण माझ्याकडे बघायचं टाळलं.

संध्याकाळी मीच म्हटलं, "काकी, रुळला आता तो."

दुसऱ्या दिवशी हवालदारांनी मला साताऱ्याला आणून सोडलं.

आश्रमात सगळं होतं तसंच होतं. फक्त माझी कंबर रिकामी वाटायची. इतर लहानग्यांना मी उचलेनाशी झाले. बाईंनी कारण विचारलं नाही.

गुऱ्हाळं सुरू झाली त्या दिवसांत हवालदार पुन्हा आले. दुसरं मूल हवं असेल असं समजून मी पडवीत निघून गेले. बाईंनी हाक मारली. हवालदार दारातच टोपी हातात फिरवत उभे होते.

"धाकला तुला इसरला, पोरी. खोटं कशाला बोलू?" ते म्हणाले. "पर घरात हिला चैन न्हाई. जेवायला बसताना तुझं ताट मांडती आन् परत उचलती. येतीस का?"

"काय म्हणून नेताय?" बाईंनी रोखून विचारलं.

"लेक म्हनून. आनि काय म्हनून?"

"मुलीच्या दत्तकाचा कागद कायद्यानं होत नाही."

"नसंल हुईत. गावात सांगतो की, लेक हाय म्हनून."

बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. मी आत जाऊन कपड्यांचं गाठोडं बांधलं.

घरी पोचलो तेव्हा धाकटा काकींच्या मागे लपला. "ही कोन?" त्यानं विचारलं.

"तुजी आक्का."

त्याला ते पटलं नाही. मला तरी कुठे पटलं होतं? काकी माझ्या पानात आधी वाढत, मला कामाला हात लावू देत नसत. धाकट्याला दिवसभर ओरडत, मला कधीच नाही. भरल्या घरात मी पाहुण्यासारखी कोपरा धरून बसायची. आश्रमात निदान एकटं वाटायला कारण होतं.

पावसाळ्यात कृष्णेला पाणी चढलं होतं. धुणं वाहून जायला लागलं म्हणून मी कमरेएवढ्या पाण्यात शिरले. काकी काठावरून किंचाळत आल्या. मी बाहेर येताच त्यांनी माझ्या पाठीत जोरात धपाटा घातला.

"लुगडं महाग हुतं व्हय गं तुज्यापरीस? गेली असतीस म्हंजे मी काय केलं असतं?"

मग त्या तिथेच चिखलात बसून रडू लागल्या. मी ओली, थरथरत त्यांच्याशेजारी बसले. पाठ चांगलीच झोंबत होती. काठावरच्या बायका बघत होत्या, पण आम्ही दोघी बराच वेळ उठलो नाही.

मी त्यांना आई म्हणाले ते फार उशिरा, लग्न ठरल्यावर. तोवर काकीच म्हणत होते, आणि त्यांनीही कधी दुसरं काही म्हण असं सांगितलं नाही.