कुत्र्याचा पितळी बिल्ला

मी पदवीधर झालो तो माझ्या आत्यामुळे; ठाकुरवाडीहून कर्जतच्या हायस्कुलात आलो तेव्हा तिनेच मला घरी ठेवून घेतलं. चिंचेने घासलेल्या पितळेचा वास आला की मला तिच्याबरोबरची एक दुपार आठवते. गळ्यात मालकाच्या नावाचा बिल्ला नसेल ती कुत्री गाडीत घालून नेणार, अशी दवंडी फिरली होती. आत्याचे यजमान घाटात रुळांच्या कामावर असत, आठवडा आठवडा घरी येत नसत. तिला सोबत होती ती आमच्या तांबूस कुत्र्याचीच. आम्ही भांडीवाल्याकडे गेलो. पत्र्याचा बिल्ला पावसाळ्यात गंजेल म्हणून तिने पितळेचा निवडला. त्याने तो चिंचेने घासून लखलखीत केला आणि नाव कोरायला घेत विचारलं, "यजमानांचं नाव काय, वहिनी?" "त्यांचं नाव मी तोंडानं घेत नाय." "मग पोराला सांगू दे." मी तोंड उघडलं तोच ती म्हणाली, "थांब रं! नवऱ्याला काय कुत्र्याच्या गळ्यात बांधू? कुत्रं माझं हाय, नाव माझं घाला." "बाईच्या नावावर गाडीवाले कुत्रं सोडतील का?" "न सोडून सांगतात कुणाला? मी उभी हाय ना!" दोन दिवसांनी गाडी आली. गाडीवरच्या माणसाने कुत्र्याला धरलं, बिल्ला वाचून तिच्या नावाने हाक मारली. "मीच ती," म्हणत आत्या रस्त्यात आली आणि कुत्र्याला घरात घेऊन गेली. पुढे मी कॉलेजला शहरात गेलो; तिथे माझा निकाल लागला तेव्हा पत्त्यात यजमानांचं नाव न घालता मी तिच्याच नावाने पत्र टाकलं: "आत्या, मी बी.ए. झालो. आपल्या घरातला पहिला. सगळ्यांना तू सांग."