गवताखालचं हेल्मेट

पाणथळीच्या राखणीवर असलेल्या बाईला सगळे ढोकरी बगळ्यावरून ढोकरीताई म्हणत. लव्हाळ्यात ती तासन्‌तास हलायची नाही, आणि हलली की समोरच्याचं काही खरं नसे. नवरा तिच्या हाताला भिऊन पळाला म्हणे. पळाला कसला, उडाला, असंही नाक्यावर एक मत होतं.

हवेत पहिला गारवा आला की लांबच्या मुलखातून बदकं उतरायची. शहरातले हौशी लोक दुर्बिणी लावून म्हणायचे, किती शांत आहे इथं! शांत? जांभळ्या पाणकोंबड्या जागेसाठी एकमेकींना लाथा घालत असायच्या. दिवड साप बेडकाला मागच्या पायांकडून गिळत असायचा आणि बेडूक ओरडत असायचा. प्रवासानं थकलेलं बदक भोवत्या ससाणा जिवंतपणीच सोलायचा.

या सगळ्यांची ताईला तक्रार नव्हती. तक्रार होती ती सख्ख्या धाकट्या भावाबद्दल. जुन्या हेल्मेटला गवत बांधून तो गळ्याइतक्या पाण्यात शिरायचा, बदकाचे पाय धरून त्याला खाली ओढायचा आणि मान पिरगाळून कमरेच्या पट्ट्यात खोचायचा. मेलेलं बदक वर तरंगून चुगली करतं, म्हणून पट्ट्याला दगड.

वनखात्याच्या साहेबांनी ताईला बजावलं होतं, "भाऊ कुणाचा, ते सगळ्यांना ठाऊक आहे. मालासकट धरून आणा. माल नसताना हात उचललात, तर वर्दी काढून ठेवायची."

त्या सकाळी गवताचा एक पुंजका वाऱ्याच्या उलट चालला होता. त्याच्या शेजारचं बदक आवाज न करता पाण्याखाली गेलं. मग दुसरं.

ताई अलगद पाण्यात उतरली आणि तिनं हातातलं वल्हं त्या पुंजक्यावर घातलं. ठाण्‌! गवत काही असं वाजत नाही.

"आई गं! ताई, मी आहे!"

"माहीत आहे. म्हणूनच तर जोरात घातलं."

भावानं सुरा काढून तिच्या दंडावर ओढला. तिनं त्याचा जबडा फोडला. त्यानं तिचे केस धरून तोंड चिखलात दाबलं, तर तिनं त्याच्या कानाचा लचका तोडला. पाणी लाल झालं, आजूबाजूची बदकं फडफडत उठली. वल्ह्याचा दुसरा तडाखा मानेवर बसला तसे भावाचे डोळे फिरले आणि तो दगडांसकट खाली गेला.

तिनं कॉलर धरून ओढलं, पण चिखल सोडेना. लांबून साहेबांच्या बोटीचा आवाज येत होता. माल भावाच्या कमरेलाच होता. थोडं थांबलं की नोकरी पक्की. पण बुडबुडे विरळ होत चालले होते.

"मेल्या, मरतानासुद्धा माझंच नुकसान!" असं म्हणत तिनं त्याच्याच सुऱ्यानं पट्टा कापला. बदकं आणि दगड चिखलात गडप झाले. भावाला बांधावर ओढून तिनं पाठीत गुद्दे घातले, तेव्हा त्याच्या तोंडातून पाणी आणि एक दात बाहेर आला.

"ताई," तो कण्हला, "पट्टा कुठंय?"

तिनं दिलेल्या थपडेनं दुसराही दात पडला.

तेवढ्यात साहेब पोचले. "माल?"

"कसला माल, साहेब?" भाऊ रक्त थुंकत म्हणाला. "मी पोहत होतो."

"हेल्मेट घालून?"

"सुरक्षेसाठी."

बांबूनं दुपारपर्यंत चिखल ढवळला. निघाला तो कुणाचा तरी कुजका बूट. साहेबांनी मान खाली घालून विचारलं, "बाई, मारलंत का?"

"मारलं."

वर्दी गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच भाऊ शेजाऱ्याचं हेल्मेट मागून घेऊन बांधावर हजर. सुजलेल्या तोंडानं शीळ घालायचा प्रयत्न चालला होता. लव्हाळ्यात बघतो तर ताई, घरच्या कपड्यांत, दंडाला फडकं, मांडीवर वल्हं.

"ताई, आता तुला कसला गं अधिकार?"

"काही नाही."

"साहेब ओरडतील."

"कुणाला? मी कुठं त्यांची आहे आता? माल धरायचा नाही, जाब द्यायचा नाही." ती उभी राहिली. "आणि आज सुरा माझ्याकडे आहे, पण पट्टा कापायला मी तो वापरणार नाही. ये पाण्यात."

भावानं एक पाय पाण्यात टाकला होता. तो त्यानं हळूच बाहेर काढला.