रिक्त

आमच्या गावचे विद्यापीठ पाऊण तासात पायी पाहून होते. चार इमारती, ग्रंथालय, करंजाच्या सावलीत उभ्या सायकली. माझी पत्नी इथे पाली शिकवायची. तिची पुस्तके ग्रंथालयाला देऊन मी तिच्या विभागात डोकावलो. फलकावर यंदाचे अभ्यासक्रम होते: मृदाशास्त्र, पत्रकारिता, मोडी, पाली. पालीपुढे शिक्षकाच्या रकान्यात ‘रिक्त’ असे टंकलेले होते. ती गेल्यापासून भेटायला येणारे सगळे शब्द शोधत बसत; कार्यालयाला तो सहज सापडला होता. त्यांच्या भाषेत रिक्त म्हणजे पुढे कधीतरी भरायचे.

“काका, पालीचा वर्ग यंदा बंद होणार बघा,” कार्यालयातल्या ताई म्हणाल्या. “दहा जण लागतात, नऊच आलेत. दहा झाले तर तासिकेवर कुणीतरी मिळेल शिकवायला.”

“वयाची अट आहे?”

“नाही. पण तुम्हाला येतच असेल की. मॅडम घरातच होत्या तुमच्या.”

“घरात आम्ही भाजी काय आणायची तेवढंच बोलायचो.”

त्या हसल्या आणि त्यांनी अर्ज पुढे केला. नाव, पत्ता भरून झाला. ‘पालीचे पूर्वज्ञान’ या रकान्यापाशी मी थोडा थांबलो, आणि ‘नाही’ असे लिहिले.